हंगामी फळं-भाज्या मुलांना कशा शिकवायच्या, त्याचं शिक्षकांसाठीचं ट्रेनिंग (नागपूर) : जावं का, काय मिळतं, काय नाही

बालवाडी, अंगणवाडी आणि पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बऱ्याच जणी मला विचारून राहिल्या की ते फळं-भाज्यांचं ट्रेनिंग तुम्ही केलं ना, कसं होतं, बाराशे रुपये वसूल होतात का. प्रत्येकीला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. मला ट्रेनिंग आवडलं, मी जा म्हणेन. पण त्यांनी दिलेला हंगामाचा तक्ता जसाच्या तसा वर्गात लावू नका आणि किट तर अजिबात विकत घेऊ नका. का ते पुढे येतंच.

संस्थेचं नाव इथे टाकत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्या मी त्यांच्या फीडबॅक फॉर्मवर आधीच लिहून दिल्यात. शनिवार-रविवार असं होतं, डिसेंबरच्या सुरुवातीला. तीस-पस्तीस जणी असतील, निम्म्या अंगणवाडी सेविका, थोड्या खाजगी प्लेस्कूलच्या टीचर, काही जिल्हा परिषद शाळेच्या मॅडम, आणि माझ्यासारख्या घरगुती बालवाडीवाल्या. माझी बालवाडी दिघोरीकडे आहे, तीन ते सहा वर्षांचे पोट्टे, आईबाप दोघंही कामाला जाणारे.

सगळ्यात भारी काय होतं ते आधी सांगते. पहिल्या दिवशी सकाळी हॉलमध्ये बोलावलंच नाही, सरळ कॉटन मार्केटला, म्हणजे नागपूरच्या भाजीबाजारात बोलावलं, साडेसहाला. थंडी मजबूत, सगळ्या स्वेटर-स्कार्फमध्ये, आणि हातात ना वही ना पेन. चौघीचौघींचे गट केले, प्रत्येक गटाला पन्नास रुपये दिले आणि सांगितलं की दिवाळीत जे बाजारात नव्हतं आणि आज आहे ते शोधून आणा, आणि विकणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा : हे कुठून आलं, कधीपासून यायला लागलं, अजून किती दिवस राहील. बस. मला आधी वाटलं यात काय मोठं, भाजी तर आपण रोजच घेतो, पण भाव सोडून आपण भाजीवाल्याला दुसरं काही विचारतच नाही हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. वाटाणा कुठला तर जबलपूरचा. मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) कुठला तर इथलाच, आसपासच्या गावांतला, पहाटे गाडीनं आलेला. पोपटाच्या शेंगा (वालाचा प्रकार) आता संक्रांतीपर्यंत चालतील. शिंगाडे संपत आले, ज्या बाईकडे होते ती म्हणाली आता शेवटचेच समजा.

तुरीच्या शेंगा घेऊन एक मावशी बसली होती, आमच्या गटातल्या एका टीचरनं तिला विचारलं की मावशी सगळ्या शेंगा भरलेल्या आहेत का. त्या मावशीनं तोंडानं काही उत्तर दिलं नाही, ढिगातून दोन शेंगा उचलल्या, एक माझ्या हातात दिली एक तिच्या, आणि म्हणाली दाबून पाहा. माझीत दाणे टच्च लागत होते, एकेक मोजता येत होता, तिचीत बोट आत जात होतं, पोचट. मग मावशीनं शेंग उलटी धरून दाखवलं की दाण्यांच्या मधे साल कशी आत दबते आणि भरलेल्या शेंगेवर लाल-जांभळट रेघा कशा दिसतात. अख्खा बालवाडीचा तास झाला हो तो, स्पर्श, मोजणी, रंग सगळं त्यात आलं, आणि घेणारी मावशी जी कधी ट्रेनिंगला गेली नाही. ट्रेनर मॅडम मागे उभ्या राहून ऐकत होत्या, मधे एक शब्द बोलल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी नंतर सांगितलं की भाजीवाली मावशी आठवड्यातून एकदा वर्गात बोलवा, तिला पाहुणी टीचर म्हणून मान द्या, तिच्या टोपलीसकट.

मग हॉलवर आलो आणि आणलेलं सगळं सतरंजीवर पसरलं. तिथे तीन टोपल्या ठेवल्या होत्या. पहिली आत्ताच आलेल्या मालाची, दुसरी भरात असलेल्याची, तिसरी जाऊन राहिलेल्याची. आपल्या हातातली वस्तू कोणत्या टोपलीत टाकायची ते गटानं ठरवायचं आणि का ते सांगायचं. तुरीच्या शेंगा आणि वाटाणा आत्ताच आलेल्यात. संत्री, मेथी, फुलकोबी, मुळा भरात. सीताफळ आणि शिंगाडे जाणाऱ्यांत. वांग्यावरून जोरदार वाद झाला, कारण वांगं बारा महिने दिसतं, पण भरताचं मोठं वांगं आणि त्याची चव हिवाळ्यातच असते असं एका काटोलच्या ताईंचं म्हणणं होतं आणि त्या अगदी बरोबर होत्या. या वादातून एक गोष्ट पक्की झाली की हंगाम म्हणजे आज चालू आणि उद्या बंद असा प्रकार नसतो, माल येतो, भरतो, मग उतरतो, आणि हे तीन वर्षांच्या मुलालाही टोपलीनं कळतं जे महिन्यांच्या नावांनी कळत नाही. लहान मुलाला डिसेंबर काय आणि मार्गशीर्ष काय, दोन्ही सारखंच. त्याला स्वेटर कळतं, छत्री कळते, कूलर कळतो. मॅडमनी तेच शब्द वापरायला सांगितले, स्वेटरच्या दिवसातली भाजी, छत्रीच्या दिवसातली भाजी, कूलरच्या दिवसातली भाजी. मी सोमवारपासूनच हे सुरू केलं आणि आमचे पोट्टे आता स्वतःच सांगतात की टीचर, शिंगाडे तिसऱ्या टोपलीतूनही गेले.

संत्र्यावर तासभर घालवला, आणि नागपुरात तो घालवायलाच पाहिजे. टेबलावर दोन संत्री ठेवली, एक मस्त केशरी, दुसरं हिरवट-पिवळं, साल थोडी सैल. गोड कोणतं? सगळ्यांची बोटं केशरीकडे. सोलून फोडी वाटल्या तर हिरवटच जास्त गोड निघालं. कारण असं की सालीचा रंग रात्रीच्या थंडीनं चढतो आणि आतली गोडी वेगळ्या हिशोबानं भरते, म्हणून थंडी पडायच्या आधी उतरवलेलं फळ बाहेरून हिरवं आणि आतून तयार असू शकतं. दुसरं म्हणजे संत्रं झाडावरून काढलं की पुढे पिकत नाही, जेवढं गोड तेवढंच राहतं, उलट सीताफळ, केळ, आंबा घरी ठेवून पिकतात. हे मुलांना सांगत बसायचं नाही, करून दाखवायचं. कडक सीताफळ आणि संत्रं एकाच टोपलीत ठेवायचं, रोज सकाळी मुलांनी हलकंच बोट लावून पाहायचं की कोण मऊ झालं. आमच्या वर्गात सीताफळ मऊ झालं त्या दिवशी असा गोंधळ झाला की शेजारच्या काकू बघायला आल्या.

आता तक्रार, आणि ही तक्रार याच संत्र्यापासून सुरू होते. ट्रेनिंगमध्ये छापील रंगीत तक्ता देतात, बारा महिने, बारा चौकोन. त्यात संत्रं फक्त डिसेंबर-जानेवारीत आहे. अहो, आपल्याकडे संत्र्याचे दोन बहार घेतात, म्हणजे फुलं-फळं धरायचे दोन हंगाम. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात, मृग बहाराची फुलं पावसाच्या सुरुवातीला आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. कळमन्याच्या मार्केटला जाऊन पाहा, मार्चमध्ये संत्र्याचे ढीग लागलेले असतात. २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आपलं संत्रं, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था, आणि नागपुरात दिलेल्या तक्त्यात मृग बहारच नाही हे मला अजिबात पटलं नाही. त्याच तक्त्यात स्ट्रॉबेरी आहे, कोकम आहे, हापूस आहे, ब्रोकोली आहे. ढेमसं नाही. बरबटी (चवळीच्या शेंगा) नाही. काटवल (कर्टोली) नाही, अंबाडी नाही, तरोटा (टाकळा) नाही, चिवळ नाही, वास्ते (बांबूचे कोंब) नाहीत, पोपट नाही. म्हणजे सकाळी कॉटन मार्केटमध्ये जे हातात घेऊन आलो त्यातलं निम्मं दुपारच्या तक्त्यात सापडत नव्हतं. तक्ता दुसरीकडे कुठेतरी बनला आणि इथे फक्त वाटला हे सरळ दिसत होतं.

याचा त्रास मुलांना होतो. ज्या घरी आज ढेमशाची भाजी झाली ते पोर वर्गात येऊन भिंतीवर ब्रोकोली पाहतं आणि आपल्या घरची भाजी शाळेतली नाही असं समजतं. आमच्याकडे बऱ्याच मुलांच्या आज्या गावाकडच्या आहेत, भिवापूर, उमरेड, कुही, मौद्याकडच्या, त्यांच्या घरी पावसाळ्यात तरोट्याची भाजी होते, तिला वर्गात जागा पाहिजे. मी तक्ता मागच्या बाजूनं वापरला, कोरा कार्डशीट म्हणून, आणि त्यावर मुलं दर सोमवारी आपापल्या घरी झालेल्या भाजीचं चित्र चिकटवतात. तुम्हीही असंच करा असं मी सुचवेन.

दुसरं एक कोणाच्याच ध्यानात आलं नाही. उन्हाचं. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात, म्हणजे आंबा, कैरी, जांभूळ यांचा बराचसा भर सुट्टीतच निघून जातो. तक्त्यात सगळ्यात रंगीत चौकोन एप्रिल-मेचे आणि नेमके तेव्हा वर्ग रिकामे. यावर काय करायचं ते मी विचारलं तर समाधानकारक उत्तर मिळालं नाही. आमच्या गटातल्या अंगणवाडीच्या ताईंनीच उपाय सांगितला की मार्चमध्ये टरबूज आणि पहिल्या छोट्या कैऱ्या घेऊन टाकायच्या, सुट्टीत मुलांनी खाल्लेल्या फळांच्या बिया धुऊन वाळवून डब्यात जमवायच्या, आंब्याची कोय, जांभळाची बी, टरबुजाच्या बिया, चिंचोके, आणि शाळा उघडल्यावर तो डबा ओतून कोणाची बी कोणती ते ओळखायचं. एक पैसा लागत नाही. मला तर हा उपाय ट्रेनिंगमधल्या अर्ध्या गोष्टींपेक्षा जास्त कामाचा वाटला.

चव घेण्याचं सेशन मात्र उत्तम. नियम साधे : आधी बघायचं, मग हात लावायचा, वास घ्यायचा, मोडताना आवाज ऐकायचा, आणि खायचं सगळ्यात शेवटी, तेही मुलाच्या मनात असेल तरच. नको वाटलं तर कागदी रुमालात काढून टाकायची मुभा. ताईनं स्वतः मुलांसोबत बसून तेच खायचं. आणि मुळा खाल्ला तर चॉकलेट देईन हे वाक्य कायमचं बंद, कारण त्यातून मूल एवढंच शिकतं की मुळा वाईट आणि चॉकलेट चांगलं. नवी भाजी मुलाला आवडायला तिची चव आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा घ्यावी लागते हे संशोधनातून पुढे आलंय, आणि आपण दोनदा नाही म्हटलं की लगेच "त्याला आवडत नाही" म्हणून शिक्का मारतो. हे मॅडमनी इतक्या शांतपणे सांगितलं की समोरच्या बऱ्याच जणींचे चेहरे बदलले, कारण घरी आपल्या पोरांशीही आपण तेच करतो. डब्यातलं संपवलं नाही तर बाहेर जायचं नाही म्हणणाऱ्या शाळांनी तर हे एक सेशन तरी करावंच.

घशात अडकण्याच्या धोक्यावर एक छोटं पण फार गरजेचं सेशन होतं. अख्खं द्राक्ष लहान मुलांना द्यायचं नाही, उभं चार भागांत कापायचं. कच्चं कडक गाजर किसून किंवा वाफवून. बोरं, सीताफळ बिया काढूनच. अख्खे शेंगदाणे-चणे लहानांना नाहीच. खाताना मुलं बसलेली पाहिजेत, पळत-हसत खायचं नाही. सगळं वाहत्या पाण्यात चोळून धुवायचं. संक्रांतीच्या बोरन्हाणात आपण एवढ्याशा बाळावर बोरं-चुरमुरे ओततो आणि बाकीचे पोट्टे ते वेचून तोंडात टाकतात, तिथे किती लक्ष पाहिजे हे माझ्या डोक्यात तिथेच आलं.

सणांवरही चर्चा झाली. संक्रांतीच्या सुगडातला हरभरा, बोर, ऊस, महाशिवरात्रीचं कवठ, तुळशीच्या लग्नातला आवळा-चिंच, महालक्ष्म्यांच्या नैवेद्यातल्या भाज्या, हे सगळं हंगामाचंच आहे आणि मुलांना पटकन लक्षात राहतं. पण आमच्या वर्गात सगळ्या घरची मुलं आहेत, बौद्ध, मुसलमान, हिंदू, एक-दोन ख्रिश्चन, तेव्हा सण कोणाचा का असेना, फळ सगळ्यांचं म्हणून मांडावं असं मला वाटतं, आणि मॅडमनी ते मान्य केलं.

पीपीटीबद्दल फार लिहीत नाही. व्हिटॅमिन, मिनरल, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मोठ्या माणसानं दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं खावीत असं आहे, वगैरे. आपल्या माहितीसाठी ठीक आहे, पण जेवणानंतर दीड तास स्लाइड म्हणजे डोळे मिटायला लागतात. अंगणवाडीच्या ताईंना २०२३ पासून केंद्र सरकारच्या "पोषण भी पढाई भी"च्या ट्रेनिंगमध्ये यातलं बरंच सांगून झालंय, त्या स्पष्ट बोलल्याही की हे आम्हाला माहीत आहे, करायचं कसं ते सांगा.

किटबद्दल. साडेआठशे रुपयांचं किट आहे, प्लास्टिकची फळं-भाज्या, फ्लॅशकार्ड आणि एक पुस्तिका. घेऊ नका. प्लास्टिकच्या संत्र्याला वास नाही, साल निघत नाही, फोडी नाहीत, आणि सफरचंद, टोमॅटो, संत्रं हातात सारख्याच वजनाचे लागतात. ज्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गावातल्याच बिया, शेंगा, पानं घेऊन मुलं शिकवली तिथे आपण प्लास्टिकचं वांगं विकत घ्यावं हे माझ्या मनाला लागतं. एका संत्र्यात साधारण दहा फोडी निघतात, वीस मुलांना दोन-तीन संत्री पुरतात. मुठभर तुरीच्या शेंगा, एक जुडी मेथी, एक मुळा पानासकट, आठवड्याला पन्नास-साठ रुपयांत मस्त तास होतो.

हा पैसा कोण देणार यावर मात्र ट्रेनिंगमध्ये कोणी बोललं नाही आणि ही खरी उणीव आहे. मुलांना घरून आणायला सांगा असं सुचवलं. मला हे मान्य नाही. दहा मुलं आणतात, पाच आणत नाहीत, आणि ती पाच दिवसभर मान खाली घालून बसतात. सेविकांच्या खिशातून तर अजिबातच जायला नको. त्यापेक्षा घरून फुकटचं मागवा, शेंगेची टरफलं, मुळ्याची पानं, भोपळ्याच्या बिया, आणि चवीचं सामान केंद्रानं किंवा शाळेनं आणावं. जिथे परसबाग आहे तिथे तर प्रश्नच नाही, मेथी आणि सांबार वीतभर जागेत होतात, मुलांनी सोमवारी पेरलं की आठवड्याभरात मेथी उगवून वर येते.

जेवणाबद्दलही सांगायलाच पाहिजे. दोन्ही दिवस पनीरची भाजी, नान, गुलाबजाम. सकाळी बाजारात वांगी, सोले (ओल्या तुरीचे दाणे), मेथी, पोपट पाहून आलेल्या पस्तीस बायांना दुपारी वांगं-सोल्याची भाजी आणि भाकर मिळाली असती तर किती आनंद झाला असता, आणि ट्रेनिंगचाच भाग झाला असता. हेही फॉर्मवर लिहिलंय.

अजून एक सूचना त्यांना दिली आहे, एक दिवस काटोल किंवा कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागेत घ्या. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी संत्र्याचं झाड पाहिलेलं नाही, आणि खरं म्हणजे दोन-तीन टीचरनीही पाहिलेलं नव्हतं. फळ झाडावर असताना पाहिलं, पानाला हात लावून वास घेतला की शिकवणाऱ्याच्या बोलण्यातच फरक पडतो.

कोणी जावं? नव्यानं बालवाडी सुरू करणाऱ्यांनी नक्की. प्लेस्कूलच्या टीचरनी नक्की, कारण तिथे इंग्रजी पुस्तकातली फळंच शिकवतात. जुन्या अंगणवाडी ताईंनी पहिल्या दिवसासाठी जावं, दुसरा दिवस त्यांच्यासाठी हलका आहे. जाताना कापडी पिशवी, पाण्याची बाटली, सुट्टे पैसे आणि बाजारात चालायला जुनी चप्पल घ्या, कारण सकाळी तिथे चिखल असतो. नाव देताना फोनवरच विचारा की तक्ता नागपूरचा केला का, मृग बहार टाकला का. चार जणींनी विचारलं की ते बदलतील, मॅडम ऐकून घेणाऱ्या आहेत. पुढची बॅच मार्चमध्ये आहे म्हणतात, त्यानंतरची जुलैमध्ये. जमत असेल तर जुलैची घ्या, काटवल, अंबाडी, वास्ते, तरोटा तेव्हाच बाजारात येतात. रानभाजी ओळखणारी गावाकडची एखादी आजी त्या बॅचला बोलवा, आणि तिला इतर ट्रेनरएवढंच मानधन द्या असं मी लिहून दिलंय, तुम्हीही लिहा.